दहा वाजताची लाइन

शेषगिरीराव दिवसातून एकदाच मराठी बोलत, सकाळी दहा वाजता, आणि तेही टेलिफोनवर.

घरी बोलायला कोणी राहिलं नव्हतं. पत्नी सुनंदाबाई जाऊन चार वर्षं होत आली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हनुमंतनगरातल्या त्या दोन खोल्यांत रेडिओ सोडला तर आवाज करणारं काही उरलं नव्हतं. रेडिओही कन्नड बोले. घराणं पाच पिढ्यांपासून बेंगळुरातलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. एकदा ऑफिसात पुण्याचा एक विक्रेता आला होता. शेषगिरीरावांनी हौसेनं त्याच्याशी मराठीत सुरुवात केली, तर तो हसून म्हणाला, "हे कुठलं मराठी, काका?" त्यानंतर ते आपणहून कुणाशी मराठी बोलायला गेले नाहीत. अपवाद एकच, रत्नाबाईंचा.

रत्नाबाई बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होत्या. कंपनी पितळी व्हॉल्व्ह बनवायची. मुख्य ऑफिस जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात, कारखाना तिथून वीसेक किलोमीटरवर होसूर रस्त्याला. शेषगिरीराव मुख्य ऑफिसातलं टेलेक्स चालवत. देशभरातून मागण्या तारेवरून टाइप होऊन यायच्या त्या या एकाच यंत्रावर. त्या कारखान्याला फॅक्सनं पाठवून पाहिल्या, पण तिकडची लाइन अशी खरखरायची की कागदावर सहाचा आठ होई आणि तीनाचाही आठच होई. एकदा साठ व्हॉल्व्हच्या जागी ऐंशी घडले, तेव्हापासून साहेबांनी ठरवून टाकलं. शेषगिरींनी रोज दहाला फोन करून मागण्या वाचायच्या, रत्नाबाईंनी उतरून घ्यायच्या आणि पुन्हा वाचून दाखवायच्या.

असं अकरा वर्षं चाललं होतं.

पहिले काही दिवस दोघं इंग्रजीत बोलले. मग एकदा एका गावाचं नाव नीट ऐकू येईना, तेव्हा रत्नाबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "काय की बाई, एन आहे का एम आहे."

"एन," शेषगिरीराव मराठीत म्हणाले. "निपाणीतला एन."

पलीकडून लगेच, "तुम्ही आमच्याकडचे काय?"

"नाही हो, मी इथलाच. आमचे वडील निपाणीची तंबाखू खायचे, म्हणून नाव ठाऊक."

रत्नाबाई चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याच्या. त्या दिवसापासून इंग्रजी अक्षरांना गावं मिळत गेली. बी बेळगावचा, डी धारवाडचा, जी गोकाकचा. ओसाठी गाव सापडेना, तर दोन दिवसांनी रत्नाबाईंनी आपल्या मावशीचं ओगलेवाडी आणून दिलं. एक्सला काहीच मिळालं नाही. त्याला ते नुसतं 'फुली' म्हणत.

मागण्या वाचून व्हायला दहा मिनिटं लागत आणि फोन चाले पंचवीस मिनिटं. उरलेल्या वेळात काय बोलता असं कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. अवरेकाळू, म्हणजे ओले पावटे, बाजारात आले का. रत्नाबाई चंदापुऱ्यात थोरल्या भावाकडे राहत, त्या भावजयीचे गुडघे कसे आहेत. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि का नाही, ते शेषगिरीरावांनी कधी विचारलं नाही. सुनंदाबाई आजारी होत्या तेव्हा रोज "आज ताप किती?" असं विचारणाऱ्या रत्नाबाईच. सुनंदाबाई गेल्यानंतर पंधराव्या दिवशी शेषगिरीराव कामावर आले आणि दहाला त्यांनी फोन लावला. रत्नाबाईंनी नेहमीसारखं "हं, सांगा" म्हणून सगळ्या मागण्या उतरून घेतल्या, वाचून दाखवल्या आणि शेवटी एवढंच विचारलं, "जेवता ना वेळेवर?"

त्यांनी एकमेकांना पाहिलं मात्र नव्हतं. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळं ऑफिस बस करून कारखान्यात जाई. टेलेक्सपाशी कुणीतरी हवंच, म्हणून शेषगिरीराव मागे राहत.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये वेणुगोपाल या तरुण मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेलेक्स परत करायचं ठरलं होतं. मागण्या आता ईमेलनं येऊ लागल्या होत्या, जयनगरला सहा कम्प्युटर होते, कारखान्यात चार, आणि या दोन टोकांना जोडून एकच जाळं करायचं होतं. त्यासाठी खास लाइन टाकायची तर टेलिफोन खात्याकडे वर्षभर वाट पाहावी लागणार होती.

"सर, मी बघू का करून?" शेषगिरीराव कन्नडमध्ये म्हणाले. "साध्या टेलिफोनवरून. मोडेम लावून."

वेणुगोपालनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. चोपन्न वर्षांचा टेलेक्स ऑपरेटर असं काही म्हणेल, असं त्याला वाटलं नव्हतं. पण वर्षभरापासून टेलेक्सवरचं काम कमी होत गेलं होतं आणि दुपारच्या दुपारी रिकाम्या जात होत्या. त्या दुपारी शेषगिरीरावांनी भरून काढल्या होत्या. एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या कम्प्युटर-प्रणालीची तबकडी फुकट मिळाली होती. अडगळीतला एक जुना कम्प्युटर मागून घेऊन त्यांनी त्यावर ती चढवली, माहितीचे कागद पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतले आणि पेन्सिल हातात धरून ओळीओळीनं वाचले. कम्प्युटरला टेलिफोनवरून बोलतं करणाऱ्या मोडेमची शिट्टी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांना ती परकी वाटली नव्हती. टेलेक्सही आधी पलीकडच्या यंत्राला 'तू कोण?' असं विचारी, पलीकडचं यंत्र आपलं नाव सांगे आणि मगच मजकूर सुरू होई. इथंही तसंच होतं, फक्त जरा घाईचं.

हे सगळं रत्नाबाईंना रोजच्या रोज कळत होतं. "आज काय केलं तुमच्या यंत्रानं?" असं त्या विचारत. म्हणून परवानगी मिळाल्याची बातमीही दुसऱ्या दिवशी दहाला पहिल्यांदा त्यांनाच सांगितली.

"म्हणजे मागण्या आपोआप इकडे येणार," रत्नाबाई म्हणाल्या.

"हो. इथून निघाल्या की तुमच्याकडे छापून बाहेर."

"आकडा चुकणार नाही."

"चुकायचं कारणच नाही."

"मग दहाला तुम्ही काय वाचणार?"

शेषगिरीरावांनी हा विचार केलाच नव्हता. ते उगीच हसले. "टेस्टिंगला लागेलच की फोन. चार दिवस का होईना."

"सरी, बरं," रत्नाबाई म्हणाल्या. "उतरून घेते, सांगा. आज किती आहेत?"

त्या दिवशी नऊ मागण्या होत्या. फोन ठेवल्यावर शेषगिरीराव बराच वेळ टेलेक्सपाशी बसून राहिले. काम नको म्हणून सांगायला अजूनही वेळ होता. पण त्यांनी ते सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना दुसऱ्यांचा मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा वेगळं काही करायला दिलं होतं, आणि त्यांना ते करून बघायचं होतं. हेही खरं होतं.

बेत साधा होता. दोन्ही टोकांना एकेक लिनक्सचा कम्प्युटर, त्याला मोडेम. जयनगरचं यंत्र ठरल्या वेळी कारखान्याचा नंबर फिरवणार, पलीकडचं यंत्र उचलणार. पण नुसता फोन जोडून भागत नाही. कुठला निरोप आपल्याच ऑफिसातला आणि कुठला टेलिफोनच्या तारेवरून पलीकडे न्यायचा, हे यंत्राला सांगून ठेवावं लागतं. त्याला रूटिंग म्हणायचं. शेषगिरीरावांनी जयनगरच्या कम्प्युटरांना एका मालेचे नंबर दिले, कारखान्याच्या चार कम्प्युटरांना दुसऱ्या मालेचे, जसे दोन गल्ल्यांतल्या घरांना द्यावेत तसे. जयनगरचं यंत्र तर एका आठवड्यात तयार झालं. कारखान्यातलं यंत्र बसवायला मात्र जावं लागणार होतं.

कंपनीच्या व्हॅनमधून, मांडीवर मोडेमचं खोकं धरून, ते एका गुरुवारी बोम्मसंद्र्याला गेले. धुवट पांढरा शर्ट घातला होता. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं, आणि बोर्डाच्या खोलीच्या दारात ते उभे राहिले तेव्हा आतली बाई कानाला फोन लावून कुणाला तरी कन्नडमध्ये थांबायला सांगत होती.

शेषगिरीरावांच्या मनातल्या रत्नाबाई ठेंगण्या होत्या, का कोण जाणे. या उंच होत्या. केस पुढून पिकलेले, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी फोन ठेवला आणि वर पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "व्हॅन उशिरा आली."

"सिल्क बोर्डाच्या चौकात लॉरी आडवी झाली होती."

मग शेषगिरीराव यंत्राच्या तारा सोडवू लागले. तोंडासमोर त्या बाई बोलत तेव्हा आवाज ओळखीचा वाटे, पण तो त्या चेहऱ्यातून येतोय हे पटायला वेळ लागे. एकदोनदा तर ते मुद्दाम पाठ करून ऐकत राहिले. खोलीत सारखी ये-जा चालू होती. स्टोअरचे हयवदन येऊन उभे राहिले, दोन फिटर डोकावून गेले, आणि बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. स्टोअरमधल्या कम्प्युटरला हात लावायचा होता, पण तिथं मालमोजणी चालू होती. "सोमवारी या," हयवदन म्हणाले. "नाहीतर फोनवरून सांगा, आम्ही करू."

दुपारी कँटीनमध्ये रत्नाबाईंनी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. आजूबाजूला वीस माणसं जेवत होती.

"तिखट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

एवढंच. व्हॅन निघताना रत्नाबाई दारापर्यंत आल्या, पण बोर्डावर घंटी वाजली म्हणून आत गेल्या. परतीच्या वाटेवर शेषगिरीरावांना फार वाईट वाटत होतं. अकरा वर्षं रोज बोललेल्या माणसाशी आपल्याला समोरासमोर चार वाक्यं बोलता आली नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी फोन लावला. पलीकडून "हं, सांगा" आलं, आणि पुढच्याच क्षणी, "काल तुम्ही अर्धीच भाकरी खाल्ली. तिखट होतं की."

"होतं स्वल्प," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

सोमवारी जोडणी झाली. कारखान्यात दोन टेलिफोन होते. फॅक्सच्या लाइनवर मोडेम लावला, बोर्डाच्या लाइनवर रत्नाबाई बोलत राहिल्या. शिट्टी वाजली, दिवे लागले, आणि जयनगरच्या यंत्रानं कारखान्याच्या यंत्राला हाक मारताच उत्तर आलं. शेषगिरीरावांनी रत्नाबाईंसाठी त्या यंत्रावर एक खातं उघडून दिलं होतं, म्हणजे तिथल्या पडद्यावर काय दिसतं ते त्यांना बघता यावं. "डब्ल्यू, एच, ओ एवढं टाइप करा," ते म्हणाले. "यंत्रावर या घटकेला कोण कोण आहे ते सांगतं."

"शेष, रत्ना," रत्नाबाईंनी वाचलं. "दोनच नावं आहेत."

"आपण दोघंच आहोत."

पण काम तिथंच अडलं. यंत्रं एकमेकांशी बोलत होती, आणि स्टोअरमधला कम्प्युटर मात्र हाकेला ओ देईना. मागण्या छापायच्या होत्या त्या तिथंच. मंगळवार गेला, बुधवार गेला. शेषगिरीरावांनी आपल्याकडची प्रत्येक ओळ पुन्हा तपासली, मोडेम बदलून पाहिला, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. वेणुगोपाल येऊन मागे उभा राही, काही बोलत नसे आणि निघून जाई. त्याचं ते न बोलणं शेषगिरीरावांना जास्त लागे.

गुरुवारी रत्नाबाईंनी बोर्ड दुसऱ्या बाईंकडे सोपवला आणि त्या स्टोअरमधल्या कम्प्युटरपाशी जाऊन बसल्या. तिथं बोर्डाच्याच लाइनचा एक जोडफोन होता. त्यावरून त्या बोलू लागल्या.

"तुमच्या इथल्या एखाद्या कम्प्युटरवर ही रूटिंगची, म्हणजे रस्त्यांची, यादी निघते ना, ती मला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "मी माझी समोर धरते."

शेषगिरीरावांनी वाचायला घेतलं, टेलेक्स वाचावं तसं, एकेक आकडा सुटा. पहिली ओळ सगळी शून्यांची आणि पुढे त्यांच्या यंत्राचा नंबर. मग दुसरी, तिसरी. सहावी वाचून ते थांबले.

"पुन्हा वाचा," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचलं.

"तुमच्या सहा ओळी आहेत. माझ्या पाचच. ती शून्यांची माझ्याकडे नाही."

शेषगिरीरावांना एकदम सगळं दिसलं. हाक स्टोअरपर्यंत चार दिवस रोज पोचत होती. स्टोअरचा कम्प्युटर उत्तरही देत असणार. पण आपल्या गल्लीबाहेरच्या पत्त्यावर उत्तर पाठवायचं तर कुणाच्या हाती द्यायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती शून्यांची ओळ तेच सांगायची: बाकी सगळं या यंत्राकडे दे, ते बघून घेईल. त्यांनी जयनगरच्या सगळ्या कम्प्युटरांवर ती घातली होती आणि मालमोजणीच्या गडबडीत कारखान्यातली राहून गेली होती.

"रत्नाबाई, मी सांगतो तसं टाइप करा. रायबाग, ओगलेवाडी, उगार, तासगाव, एकसंबे."

"हं. रूट. पुढं?"

"जागा सोडा. अथणी, धारवाड, धारवाड."

मग आकडे. रत्नाबाईंनी सगळं परत वाचून दाखवलं, एक चूक नाही. "आता ते मोठं बटण दाबा," शेषगिरीराव म्हणाले आणि आपल्या कम्प्युटरकडे वळले. पडद्यावर उत्तराची एक ओळ आली. दुसरी आली. मग एकामागून एक येतच राहिल्या.

"आलं?" फोनमध्ये विचारलं.

"आलं," ते म्हणाले. "तुम्ही शोधलंत."

"मी काय शोधलं? ओळी मोजल्या."

वेणुगोपालनं सगळ्या ऑफिसला मैसूरपाक वाटला आणि शेषगिरीरावांच्या पाठीवर हात ठेवला. अडगळीच्या खोलीला आता 'सिस्टम्स' अशी पाटी लागली. जुलैच्या शेवटी दोन माणसं येऊन टेलेक्स उचलून घेऊन गेली. जमिनीवर त्याच्या चार पायांच्या खुणा राहिल्या.

पहिले आठ-दहा दिवस दहाचा फोन चालू राहिला. सगळं नीट छापलं जातंय का, एवढंच विचारायचं असे, आणि सगळं नीट छापलं जात असे. मग पावसानं फॅक्सची लाइन बिघडली आणि जोडणी मध्येच तुटू लागली. वेणुगोपाल म्हणाला, "बोर्डाची लाइन स्वच्छ आहे. मोडेम तिच्यावर टाका. दहाला अर्धा तास आणि चारला अर्धा तास. तेवढ्यात कुणाचा फोन यायचाय?"

शेषगिरीरावांनी हो म्हटलं. यंत्रातला फॅक्सचा नंबर पुसून त्यांनी तिथं बोर्डाचा नंबर लिहिला. तो त्यांना आठवावा लागला नाही, बोटांनाच पाठ होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी सवयीनं त्यांनी फोन उचलून तो नंबर फिरवला. एंगेज. शेजारी त्यांचंच यंत्र दिवे लुकलुकवत बसलं होतं, त्याच नंबरावर. ते रिसीव्हर कानाला लावून तो टूं-टूं आवाज थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी तो खाली ठेवला.

अकराला फोन करता आला असता. एकदा केलाही. "काही काम होतं?" रत्नाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मागे कुणीतरी उभं होतं हे कळत होतं.

"नाही, लाइन कशी आहे ते विचारायला."

"लाइन चांगली आहे."

"सरी मग."

"सरी."

दोघंही कारणाशिवाय फोन करणाऱ्या पिढीतली नव्हती, आणि कारण शेषगिरीरावांनी स्वतःच्या हातानं संपवलं होतं. ऑगस्ट गेला, गौरी-गणपती झाले. जयनगरला नवी कामं अंगावर येत गेली. लोक त्यांना आता 'सर' म्हणू लागले. संध्याकाळी घरी जाऊन कुलूप काढताना त्यांच्या लक्षात येई की आज आपण मराठीत एक शब्दही उच्चारला नाही. एकदा त्यांनी भात उतरवताना मुद्दामच मोठ्यानं म्हटलं, "झाला बघा." आवाज खोलीत विचित्र वाटला. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

नोव्हेंबरात वेणुगोपालनं एक कागद आणून दिला. कारखान्यातून गेलेल्या माणसांची नावं होती. यंत्रावर कुणाचं खातं असेल तर काढून टाकायचं होतं. पाच नावांत तिसरं रत्नाबाईंचं होतं.

"या कधी गेल्या?"

"महिना झाला की," वेणुगोपाल म्हणाला. "बोर्ड ऑटोमॅटिक केला ना. त्यांना स्टोअर देत होतो, पण आई आजारी आहे म्हणाल्या, राजीनामा दिला. का, काही राहिलंय?"

"नाही," शेषगिरीराव म्हणाले.

खातं काढायच्या आधी ते कारखान्याच्या यंत्रात शिरले. कुणी कधी यंत्रावर आलं त्याची नोंद यंत्र ठेवत असतं. एरवी ती कुणी बघत नाही. रत्नाबाईंच्या नावापुढे ओळींमागून ओळी होत्या. ऑगस्टपासून, रविवार सोडून रोज. दहा वाजून दोन मिनिटं, दहा वाजून तीन मिनिटं. रोज वीस-पंचवीस मिनिटं. टाइप केलेले शब्दही यंत्रानं जपून ठेवले होते आणि ते सगळे एकच होते. डब्ल्यू, एच, ओ. दिवसातून एकदा, कधी दोनदा. दुसरं काही त्यांनी कधी टाइप केलंच नव्हतं.

त्या वेळी यंत्रानं काय उत्तर दिलं असेल ते शेषगिरीरावांना ठाऊक होतं. एकच नाव, रत्ना. ते स्वतः त्या वेळेला त्या यंत्रावर कधी गेले नव्हते. दहा वाजले की ते उठून बाहेर कॉफी प्यायला जात, टूं-टूं ऐकावं लागू नये म्हणून.

शेवटच्या दिवशी दोनदा होतं आणि मग बाहेर पडल्याची खूण.

ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी त्यांनी हयवदनांना फोन करून पत्ता मागितला, मनीऑर्डरचं काही राहिलंय असं खोटंच सांगून. मुक्काम पोस्ट एकसंबे, तालुका चिकोडी.

रविवारी ते पत्र लिहायला बसले आणि अडले. मराठी ते जन्मभर बोलले होते, लिहिलं कधी नव्हतं. शाळा कन्नडमध्ये झालेली. शेवटी मराठी शब्द कन्नड अक्षरांत लिहायला घेतले. पण लिहायचं काय? इतकी वर्षं त्यांनी फोनवर दुसऱ्यांच्याच मागण्या वाचल्या होत्या. त्यापुढचं बोलणं आपोआप होई. कागदावर आपोआप काही होत नव्हतं. बाराला बसलेले ते तीनला उठले तेव्हा सात ओळी झाल्या होत्या. यंत्रातल्या नोंदी पाहिल्या. मी दहाला बाहेर जात होतो. मला कळायला हवं होतं. आईंची तब्येत कशी आहे. इथं अवरेकाळू आले आहेत, पण सोलायचा कंटाळा येतो. उत्तर पाठवलंत तर बरं वाटेल. खाली सही.

उत्तर यायला तेवीस दिवस लागले. रत्नाबाईंनी ते देवनागरीत लिहिलं होतं, बारीक, सरळ अक्षरात. शाळेत हिंदी होतं तेवढ्या बळावर शेषगिरीराव ते वाचू लागले, बोट ठेवून.

आईला अर्धांगवायू झाला होता आणि तिला उठवून बसवायलाही माणूस लागत होतं. भाऊ येऊ शकत नव्हता. गावात टेलिफोन होता, किराणा दुकानात, पण तिथं चार माणसं ऐकत बसलेली असतात, म्हणून फोन करू नका. तुमची वाट बघत होते असं नाही, त्यांनी लिहिलं होतं. दहाला हात रिकामा व्हायचा, म्हणून जाऊन बसायचे. मग पुढच्या ओळीत: वाटही बघत होते. आई आहे तोवर मी इथंच. नंतरचं आत्ता सांगता येत नाही. पत्र पाठवा. कन्नड अक्षरं मला येतात, पण मराठी त्यात वाचताना तुम्ही कुणी दुसरेच वाटता.

शेषगिरीरावांनी ते पत्र आणखी दोनदा वाचलं. मग चप्पल घालून ते गांधी बाजारपर्यंत चालत गेले. मराठीचं पुस्तक कुठंच नव्हतं. एका दुकानात हिंदीचं पहिलीचं पुस्तक मिळालं, तेच त्यांनी घेतलं, बरोबर दुरेघी वही आणि एक पेन्सिल. दुकानदारानं विचारलं, नातवाला का? ते हो म्हणाले.

पुढचे दोन रविवार त्यांनी अक्षरं गिरवली. ळ त्या पुस्तकात नव्हता. तो रत्नाबाईंच्या पत्रात बघून काढला. तिसऱ्या रविवारी दुसरं पत्र लिहिलं. चार ओळी झाल्या, खाडाखोड बरीच. बाहेर शेजाऱ्यांच्या अंगणात मुलं कन्नडमध्ये भांडत होती. त्यांनी पाकिटाला डिंक लावला, वर पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला निघाले.